दुसऱ्या मजल्यावरचे माहेर

माझ्या मुलाच्या तोंडून ही हकिकत ऐकलेले लोक मला रस्त्यात भेटले की आधी हसतात आणि मग नमस्कार करतात. हा क्रम मला मान्य नाही. म्हणून जे घडले ते मी स्वतः लिहून ठेवतो आहे. मुलगा ही गोष्ट चांगली सांगतो, याबद्दल वाद नाही. हिंजवडीहून परतताना कंपनीची बस अडकली की त्याचे सहकारी त्याला ती पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. परंतु गोष्ट चांगली सांगणे आणि खरी सांगणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि आमच्या घरात दुसरे काम माझ्याकडे आहे.

मुलाचे म्हणणे असे की, माझ्या हट्टापायी विहीणबाई विमानतळावरूनच परत जायच्या होत्या. माझ्या थोरल्या बहिणीचे म्हणणे असे की, जे काही पार पडले ते तिने बोललेल्या नवसामुळे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सांगतात की, त्यांनी एक फोन फिरवला आणि दरवाजे उघडले. तिघेही चूक आहेत. सेक्रेटरींच्या फोनबद्दल तर इथेच सांगून टाकतो: त्यांनी ज्या गृहस्थांना फोन लावला ते विमानतळावर नोकरीला होते हे खरे, पण मालवाहतुकीच्या विभागात होते, आणि त्यांनी फोन उचलला तेव्हा विहीणबाई आमच्या टॅक्सीत बसून पाणी पीत होत्या.

आता मूळ गोष्ट. माझी सून व्हिएतनामची. मुलाच्या कंपनीत काही महिन्यांच्या कामासाठी आली, आणि ते काम संपूनही गेली नाही. लग्न नोंदणी पद्धतीने झाले. परदेशी पत्नीला इथे कायमचे राहायचे असेल तर आधी काही काळ व्हिसावर काढावा लागतो, आणि मग आजीवन वास्तव्याच्या कार्डासाठी अर्ज करता येतो. तिने अर्ज केला. तो चौकशीत असतानाच तिला दिवस राहिले.

आनंद झाला, आणि त्याबरोबरच एक पेच उभा राहिला. माझी पत्नी जाऊन आता बरीच वर्षे झाली. आमच्या घरी बाळंतपण करणारे बाईमाणूस नाही. सुनेने माहेरी जावे, तर वकिलांचे मत प्रतिकूल. "जायला बंदी नाही," ते म्हणाले, "पण अर्ज अर्धवट आहे. परत येताना एखादी शंका निघाली, तर बाळ-बाळंतीण तिकडे आणि नवरा इकडे अशी गत व्हायची. मी तर म्हणेन, निर्णय होईपर्यंत हलू नये."

 त्या संध्याकाळी सुनेने आईशी व्हिडिओवर बोलताना नेहमीसारखे हसून घेतले आणि मग स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून बराच वेळ नुसती उभी राहिली. तिला एकच गोष्ट हवी होती: मूल जन्माला येईल तेव्हा आई जवळ असावी. ती तसे मागत नव्हती, कारण मागून मिळेल असे तिला वाटत नव्हते.

मुलगा म्हणाला, "मग आईलाच इकडे बोलवू. पर्यटक व्हिसावर येता येतं, नातेवाइकांना भेटायला तो चालतो. पाहुण्यांच्या खोलीत राहतील."

"पाहुण्यांच्या खोलीत नाही," मी म्हणालो.

"बाबा, आता काय काढलंत?"

"पहिले बाळंतपण माहेरी होते. त्या इथे येणार असतील, तर माहेर म्हणून येतील. पाहुण्या म्हणून नाही."

शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या मजल्यावरची एक लहान जागा तेव्हा रिकामी होती. तिचे मालक हिंजवडीकडचे, मूळचे शेतकरी. जमिनीच्या पैशातून त्यांनी शहरात दोन-चार जागा घेतलेल्या. मी त्यांना फोन केला आणि सगळे सांगितले.

"किती दिस लागंल?"

"बाळंतपण आणि वर सव्वा महिना. थोडे पुढेमागे."

"घ्या की मग. लेकराचं काम हाय."

"विहीणबाई मासे-मटण करतील."

"काय बी शिजवूद्यात, आम्हीबी तेच खातो. भिंती तेवढ्या काळ्या करू नगा."

या संभाषणावर माझ्या मुलाच्या गोष्टीची सगळी इमारत उभी आहे. त्याच्या मते मी ती जागा घेतली ती फक्त माशांचा वास आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून. माझ्या बहिणीने त्यापेक्षा वरताण केली. ती नात्यातल्या बायकांना सांगत सुटली की, मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणीही प्यायचे नाही हा विहिणीचा जुना रिवाज मी पाळला, आणि या वयात तरी मला धर्म आठवला हे बरे झाले. मला ती म्हणाली, "अरे, पहिल्यांदा माझं ऐकलंस रे!" मी तिचे काहीही ऐकलेले नव्हते. मी पाटबंधारे खात्यात उभी हयात काढलेला माणूस आहे. पाणी कोणी कोणाकडे प्यावे याबद्दल माझी मते तिच्यापेक्षा फार निराळी आहेत.

खरे कारण मी आजवर कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. सगळ्यांना ते आधीच माहीत होते. कारण असे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा नवराबायकोचे काहीतरी वाजले. मी औषधे घेऊन लिफ्टमधून बाहेर पडलो तेव्हा सून जिन्याने वर चालली होती. मी विचारले, "कुठे?" ती मराठीच्या वर्गात शिकलेल्या, स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबा, इथल्या बायका भांडण झालं की माहेरी जातात. मी गच्चीवर जाते. तिथे पाण्याच्या टाकीमागे सावली असते." ती तक्रार करत नव्हती. सोय सांगत होती. आणि तेच माझ्याच्याने ऐकवले नाही.

म्हणून ती जागा. विहीणबाई आमच्या खोलीत राहिल्या असत्या, तर त्या सगळ्या काळात त्यांना चहासुद्धा विचारून करावा लागला असता. आमच्या ओट्यावर, आमच्या भांड्यांत, माझ्या बहिणीच्या नजरेखाली. त्या स्वतःच्या दारात उभ्या राहिल्या, तरच त्यांच्या मुलीला माहेर मिळणार होते. यात वास कुठे आला आणि धर्म कुठे आला?

जागा घेतली, झाडून घेतली, पलंग आणि पाळणा आणून टाकला. आणि मग मी ती गोष्ट केली, जिच्यावरून पुढचे सगळे घडले. मी बुधवार पेठेत जाऊन विहीणबाईंच्या नावाची पाटी करून आणली. पितळेची, वर देवनागरीत आणि खाली त्यांच्या लिपीत. दुकानदार म्हणाला, "काका, खाली 'माहेर' असं पण टाकू का? बरं दिसेल."

"घराला तसे लिहून दाखवावे लागत नाही," मी म्हणालो.

"तुमची मर्जी. अक्षरांचे पैसे वाचले."

पाटी दारावर लावली. मुलगा ती बघून म्हणाला, "बाबा, लोक माणूस राहायला आला की पाटी लावतात." मी म्हणालो, "सुज्ञ माणसे आधी लावतात." सुनेने पाटीचा फोटो काढून आईला पाठवला. तिकडून उत्तर आले ते आम्हाला वाचता येण्यासारखे नव्हते, पण सून ते वाचून आतल्या खोलीत निघून गेली आणि डोळे पुसून बाहेर आली.

एवढ्यावर सगळे सुरळीत व्हायचे. पण व्हिसाचा अर्ज मुलाने भरला होता. राहण्याचा पत्ता म्हणून त्याने चौथा मजला लिहिला. मी त्याला दुसरा मजला लिही म्हणून सांगितले होते. तो म्हणतो, सांगितले नव्हते. मी सांगितले होते. तो तेव्हा कानात ती बोंडे घालून बसला होता.

विहीणबाई बँकॉकमार्गे पुण्यात उतरणार होत्या. आम्ही तिघे सकाळी लोहगावला पोचलो. सुनेला येऊ नको असे सगळ्यांनी सांगितले, मी सोडून. तिचे पाय सुजले होते, म्हणून तिला बाहेरच्या बाकावर बसवले. विमान आले. बँकॉकला मौज करून आलेली मंडळी खोकी आणि बाहुल्या घेऊन बाहेर पडली. मग एक नवविवाहित जोडपे आले. मग एक गृहस्थ भला मोठा टीव्ही सांभाळत आले. मग कोणीच आले नाही.

सुनेने आईला फोन लावला. तो बंद होता. तिने तो पुन्हा लावला. मग तिने फोन मांडीवर पालथा ठेवला आणि दाराकडे बघत बसली.

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. आतून, परदेशी प्रवाशांची तपासणी होते तिथून. मुलाने उभ्या उभ्या इंग्रजीतून क्षमा मागायला सुरुवात केली. कशाबद्दल, हे त्यालाही अजून कळलेले नव्हते. काही वेळ ऐकून घेऊन तो म्हणाला, "मॅडम, माझे वडील म्हातारे आहेत, त्यांच्या काही समजुती आहेत…" हे ऐकताच मी हात पुढे केला. तो म्हणतो, मी फोन हिसकावला. मी हात पुढे केला, आणि त्याने दिला.

आत झाले होते ते असे. विहीणबाईंनी आगमनाच्या कागदावर दुसऱ्या मजल्याचा पत्ता लिहिला होता, कारण त्यांच्या दृष्टीने तोच त्यांचा पत्ता होता. अर्जावर चौथा मजला. अधिकारी बाईंनी विचारले, इथे कोणाकडे राहणार? विहीणबाईंना इंग्रजी चार शब्दांपुरते येते. त्यांनी अभिमानाने मान ताठ केली, फोनमधला पाटीचा फोटो काढून दाखवला आणि त्या चार शब्दांतले दोन वापरले: "माय हाउस."

पर्यटक व्हिसावर आलेली बाई, पत्ते दोन, आणि वर पुण्यात स्वतःच्या नावाच्या पाटीचे घर. त्या अधिकारी बाईंच्या जागी मी असतो तर मीही थांबवले असते. इतके सांगून पुढे लिहितो, म्हणजे माझ्यावर पक्षपाताचा आरोप नको.

"आपण कोण बोलता?" फोनवरचा आवाज तरुण होता, बोलण्याची ढब विदर्भाकडची.

"मी त्यांचा व्याही. तुमच्यासमोर ज्या बसल्या आहेत त्यांच्या मुलीचा सासरा."

"या म्हणतात, माझं घर आहे पुण्यात. दारावर पाटी आहे. पर्यटकाचं घर कसं काय असते, सांगा बरं?"

"जागा भाड्याची आहे. भाडेकरार माझ्या नावे आहे. पाटी मी लावली."

"आपण लावली? त्यांच्या नावाची? त्या यायच्या आधी?"

"हो."

"कायले?"

मी सरळ उत्तर दिले. सून पहिलटकरीण आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. तिच्या कार्डाचा अर्ज चौकशीत असल्यामुळे तिला माहेरी जाता येत नाही. म्हणून माहेर इथे आणले आहे.

तिकडे कागद चाळले गेले. मग आवाज आला, "म्हणजे दुसऱ्या मजल्यावर माहेर?"

"आणि चौथ्यावर सासर."

"मग अर्जावर चौथा कसा काय आला?"

"अर्ज चिरंजीवांनी भरला."

तिकडे कोणीतरी हसले. बाई नव्हेत, दुसरे कोणी. मग बाईंचा आवाज पुन्हा कोरडा झाला. "हे पाहा, आजोबा…"

"आजोबा अजून व्हायचा आहे. तुम्ही बाईंना बाहेर सोडलेत, तर सुखाने होईन."

यावर मुलगा कपाळाला हात लावून मागे फिरला. तो म्हणतो, त्या क्षणी सगळे संपले असे त्याला वाटले. मला तसे वाटले नाही, कारण मला समोरून श्वास सोडल्याचा आवाज आला होता.

"हे पाहा," बाई म्हणाल्या, "मला साहेबांना विचारावं लागते. यांची पोरगी इथं कायम राहायचा अर्ज करून बसली, आणि आई पर्यटक म्हणून येऊन घर मांडून बसली, असं दिसते हे. उद्या पोरीच्या अर्जावर याचा शेरा पडला तर?"

हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते. मी तो पेच आईच्या प्रवेशापुरता धरून चाललो होतो. त्या एका पाटीपायी सुनेचा अर्जही अडकू शकतो, हे तिथे उन्हात उभे असताना प्रथम लक्षात आले. फोन चालू ठेवून त्या कुठेतरी गेल्या. मी मागे वळून पाहिले. सून उठून उभी राहिली होती. एक हात कमरेवर, दुसरा बाकाच्या पाठीवर. ती माझ्याकडे बघत होती. काय झाले आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि तरीही तिला कळले होते.

बाई परत आल्या. "परतीचं तिकीट आहे त्यांच्याकडे, ते पाहिलं. मुलीची कागदपत्रं संगणकावर दिसतात, तीही पाहिली. पत्ता आम्ही दुसऱ्या मजल्याचा करून घेतो. पाहुण्याची नोंद त्याच पत्त्यावर तुम्ही आजच्या आज करायची. घरी परदेशी पाहुणा आला की ती करावीच लागते."

"करतो."

"आणि ती पाटी काढून टाकायची."

इथून आमच्या दोघांच्या हकिकती पुन्हा वेगळ्या होतात. मुलगा सांगतो की, मी बाईंशी भांडायला लागलो. मी भांडलो नाही. मी एवढेच विचारले, "पाटी काढायची, ती कोणत्या नियमाखाली?" हा प्रश्न आहे. पाटबंधारे खात्यात असताना मी तो मोठमोठ्या साहेबांना विचारला आहे, आणि त्यांच्याकडे उत्तर नसायचे.

बाईंकडे होते. त्या म्हणाल्या, "नियम नाही. पण उद्या अर्जाच्या चौकशीला कोणी तुमच्या दारी आलं आणि ती पाटी पाहिली, तर पुन्हा हेच प्रश्न. तेव्हा उत्तर द्यायला मी नसते. समजा नं, काका."

उत्तर तयार होते माझ्याकडे. ते मी इथे लिहीत नाही, कारण ते दिले नाही. मी पुन्हा एकदा सुनेकडे पाहिले आणि म्हणालो, "काढतो."

"नक्की?"

"मी काढतो म्हटले की काढतो."

मुलगा हा प्रसंग 'बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माघार घेतली' अशा शब्दांत सांगतो आणि लोक टाळ्या पिटतात. ती माघार नव्हती. पाटी मी त्याच दुपारी दारावरून काढली आणि आत, बैठकीच्या भिंतीवर लावली. बाईंनी दारावरची पाटी चौकशी करणाऱ्यांच्या दृष्टीआड करायला सांगितले होते. भिंतीबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

काही वेळाने दार सरकले आणि विहीणबाई बाहेर आल्या. ठेंगण्या, काटक, अंगात करड्या रंगाचे जाकीट, हातात दोरीने बांधलेले एक खोके. व्हिडिओवर दिसायच्या त्यापेक्षा कितीतरी लहान. मुलीने त्यांना मिठी मारली तेव्हा पोट मध्ये आले, आणि मायलेकी हसल्या आणि रडल्या, आणि मग विहीणबाईंनी ते खोके खाली ठेवून मुलीच्या सुजलेल्या पायांकडे पाहिले आणि काहीतरी फटकारले. पुढच्या क्षणी माझी सून चपला काढून बाकावर पाय वर घेऊन बसली होती. आम्ही तिघे पुरुष, म्हणजे मी, मुलगा आणि टॅक्सीवाला, बाजूला उभे राहिलो. तिला तसे कोणी रागावल्याचे आमच्या घरात मी कधी पाहिले नव्हते. माझ्या छातीवरचे ओझे तिथे उतरले. कागदोपत्री ते आधीच उतरले होते, पण माणसाला उशिरा कळते.

मूल डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या बरेच आधी आले. विहीणबाई येऊन आठवडाही झाला नव्हता. त्या दिवशी आत, दवाखान्यात, मुलीचा हात धरून त्या उभ्या होत्या. त्यांना विमानतळावरून परत पाठवले असते, तर त्या वेळी त्या कुठल्यातरी वकिलातीच्या रांगेत उभ्या असत्या. मुलगी झाली. मुलगा बाहेर येऊन मला सांगायला लागला आणि त्याला शब्द फुटेना. तो प्रसंग तो आपल्या गोष्टीत सांगत नाही, म्हणून मी सांगून ठेवतो.

बाळ-बाळंतीण घरी आली ती दुसऱ्या मजल्यावर. माझी बहीण डिंकाचे लाडू आणि सूचना घेऊन दाखल झाली. परदेशी बाईला काय कळणार शेक-शेगडीतले, असे ती मला जिन्यातच बजावत होती. आत जाऊन पाहते तो पलंगाजवळ निखाऱ्यांची शेगडी मांडलेली, बाळंतिणीच्या पोटावर फडके बांधलेले, आणि विहीणबाई हात गरम करून करून तिची कंबर शेकत होत्या. बँकॉकमार्गे आलेल्या खोक्यात त्यांनी आपल्याकडचे वाळवलेले आले आणि कसलाकसला पाला आणला होता. बहिणीने तो पाला चिमटीत घेतला, हुंगला, आले जिभेला लावले.

"सुंठच आहे की रे ही," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, न विचारता, "हिला येतंय."

मग दोघी दोन भाषांत शेगडी किती जवळ असावी यावर वाद घालायला लागल्या. बहीण म्हणे लांब, विहीणबाई म्हणत जवळ. एकीचे दुसरीला अक्षर कळत नव्हते आणि एकही मुद्दा सुटत नव्हता. नवसाचा विषय बहिणीने त्या दिवसापुरता काढला नाही.

त्याच काळात अर्जाच्या चौकशीसाठी एक हवालदार आले. चौथ्या मजल्यावर मी एकटा होतो. ते खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. "सूनबाई हाईत का? नवऱ्याबरोबर राहत्यात, एवढं बघायचंय फक्त."

"माहेरी गेली आहे."

हवालदार ताठ झाले. "माहेरी? म्हंजी देशाबाहेर? अहो, अर्ज चालू हाय नव्हं त्यांचा!"

"दोन मजले खाली."

मी त्यांना खाली घेऊन गेलो. दार उघडताच शेगडीचा धूर, धुतलेले लंगोट, पाळण्याची दोरी, सगळे एकदम समोर आले. सून पलंगावरून उठू लागली. हवालदारांनी दारातूनच दोन्ही हात वर केले. "बसा, बसा, बाई. उठू नका. ओली बाळंतीण हाय व्हय? मग माहेरीच असणार की. त्यात काय विचारायचं." विहीणबाईंनी त्यांना वाटीत काहीतरी गरम आणून दिले, ते त्यांनी उभ्या उभ्या पिऊन टाकले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले. खाली उतरताना मला म्हणाले, "तिखट हाय, पण माया हाय." भिंतीवरच्या पाटीकडे त्यांचे लक्ष गेले नाही. गेले असते तरी माझी तयारी होती.

कार्ड सव्वा महिना पुरा होण्याच्या जरा आधी आले. मुलगा ते घेऊन धावत खाली गेला. मी गेलो नाही. सासरच्या माणसाने उठसूट माहेरी डोकवायचे नसते. मी दुसऱ्या दिवशी, ठरल्या वेळी, सून आणि नातीला घरी न्यायला गेलो. पांढरा सदरा घातला होता. हातात बाळंतविडा होता: सुनेला साडी, नातीला झबली-टोपडी, विहीणबाईंना शाल. मी बेल वाजवली.

विहीणबाईंनी दार उघडले, तोंडावर बोट ठेवले आणि मला आत घेऊन खुर्चीवर बसवले. मग सून आतून येऊन म्हणाली, "बाबा, आई म्हणते की बाळ आत्ताच झोपलंय. उठल्याशिवाय ती नेऊ देणार नाही. आपल्याला थांबावं लागेल."

"किती वेळ?"

सुनेने आईला विचारले. आईने माझ्याकडे पाहून उत्तर दिले, आणि सून हसायला लागली. "ती म्हणते, ते बाळाला विचारा."

या इमारतीत मला कोणी आजवर थांबवून ठेवलेले नाही. सोसायटीच्या सभेला उशिरा येणाऱ्यांना मी थांबवले आहे. त्या दिवशी थांबलो. आतून मायलेकींचे हलके बोलणे येत होते, एक शब्द कळत नव्हता. पंख्याखाली झबली वाळत होती. विहीणबाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला, बिनदुधाचा, आणि पुन्हा आत गेल्या. घाई कोणालाच नव्हती. कार्ड आले होते, नात धडधाकट होती, सूनबाई आपल्या आईच्या पलीकडे लवंडलेली दारातून दिसत होती.

मुलगा सांगतो की, तासाभराने तो मला बघायला खाली आला तेव्हा मी खुर्चीत घोरत होतो आणि चहा तसाच निवला होता. चहा निवला होता हे खरे आहे. मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून बसलो होतो.